भीमाबाई कामावर सोबत असायच्या

दूध तापत ठेवलं की अंबादासराव ओट्यासमोरून हलत नसत. फौजेत बावीस वर्षं काढलेला माणूस पातेल्यासमोर असा उभा राहायचा, जणू पहाऱ्याची ड्यूटी लागली आहे. साय फुगून वर आली की गॅस बंद. मग आगपेटीतली एक काडी ओढायची, फुंकून विझवायची आणि ती विझलेली काडी नाकाखाली धरायची. तिच्यानंतर हिंगाची डबी. रोज सकाळी हीच परीक्षा आणि रोज सकाळी हाच निकाल. काडी म्हणजे नुसता धूर, डोळ्यांत जाणारा. हिंग म्हणजे नुसती पिवळी पूड.

त्या दिवशी परीक्षा राहूनच गेली. गाझियाबादच्या त्या दोन खोल्यांच्या गॅलरीत जानेवारीचं धुकं येऊन बसलं होतं. दूध अजून थंडच होतं आणि दारावर थापा पडल्या. थापाच, कारण बेलची वायर अंबादासरावांनीच काढून ठेवली होती. फोनही आवाज बंद करून उशीखाली. गेल्या होळीपासून त्यांना कोणी बोलवायला नको होतं.

दारात विष्णुपंत, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर, चष्म्यावर धुकं.

“अहो, आहात कुठं अंबादासराव! फोन उचलत नाही, बेल वाजत नाही. वृंदा म्हणाली, बघून या एकदा, माणूस गावी गेला की काय.”

“गावी कोण आहे साहेब आता. या ना. बसा.”

विष्णुपंत बसले, घुटमळत बोलायला लागले आणि मध्येच थांबून त्यांनी नाक आक्रसलं. “तुमचं काहीतरी करपतंय हो! दूध ठेवलंय का?”

अंबादासराव धावले. अर्धं दूध शेगडीवर, उरलेलं तळाला लागून तपकिरी झालेलं.

“खोलीभर वास सुटलाय. तुम्हाला आला नाही?”

“सर्दी आहे जरा,” अंबादासराव फडकं पिळत म्हणाले.

ही सर्दी जवळजवळ पाच वर्षांची होती.

साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या एका कोरड्या गावातून अंबादासराव फौजेत भरती झाले आणि त्यांना दुरुस्तीच्या पलटणीत घातलं गेलं. बर्फातल्या चौक्यांवरच्या खोली तापवणाऱ्या बुखाऱ्या, गॅसच्या शेगड्या, कंदील, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. तिथल्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, आधी नाक, मग हात, आणि पाना सगळ्यांत शेवटी. पेन्शन घेऊन हवालदार अंबादास इकडेच राहिले, मुलीची शाळा चालू होती म्हणून. आसपासच्या सोसायट्यांत गीझर, हीटर, गॅसची पाइपलाइन यांची कामं करायला लागले. मराठी घरांत तर त्यांच्याशिवाय पान हलत नसे. “अंबादासराव दारातूनच सांगतात कुठं गळतंय,” असं बायका एकमेकींना सांगायच्या, आणि ते खरंच होतं.

मग करोनाची ती दुसरी लाट आली. सगळी दिल्ली ऑक्सिजनसाठी रांगा लावत होती तेव्हा अंबादासराव आणि त्यांच्या पत्नी भीमाबाई दोघंही याच दोन खोल्यांत पंधरा दिवस पडून होते. भीमाबाई पूर्ण बऱ्या झाल्या. अंबादासरावही झाले, फक्त नाक गेलं ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. सहा महिन्यांनी म्हणाले, येतं काहींचं. त्यानंतर अंबादासराव विचारायला गेले नाहीत.

गॅसवाल्याला वास येत नाही, हे सांगणार कोणाला? आणि सांगितल्यावर दारात उभं कोण करणार? तोड भीमाबाईंनी काढली. त्या कामावर सोबत यायला लागल्या. हातात डब्याची पिशवी. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “घरी एकटीला करमत नाही बघा.” लोकांना फार कौतुक वाटायचं. या वयात काय जोडी आहे, म्हणायचे. अंबादासराव सिलिंडर उघडून बघायचे आणि कामाला आत वळले की भीमाबाई जाऊन सिलिंडर बंद करायच्या. मग आत येऊन खालीच बसायच्या, फरशीवर. गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, हे त्यांना नवऱ्यानं शिकवलं होतं. सगळं ठीक असेल तर त्या गप्पा मारत बसायच्या. वास आला की पदर नाकाला. एवढीच खूण. अंबादासराव मान वर करून त्यांच्याकडे बघायचे आणि मगच पुढचं पाऊल टाकायचे. चार वर्षं एकदाही चूक झाली नाही, आणि कोणालाही कळलं नाही.

गेल्या होळीच्या आधी पाच दिवसांच्या तापात भीमाबाई गेल्या. पुण्याहून मुलगी, स्वप्नाली, आली होती. तेराव्यानंतर तिनं आईच्या साड्या धुऊन, घड्या घालून कामवाल्या बायकांना देऊन टाकल्या. एक राहिली. शेवटच्या दिवशी अंगावर होती ती मोतिया रंगाची सुती साडी अंबादासरावांनी न धुता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवली. हत्यारांची पेटीही त्या ट्रंकेशेजारी ठेवली आणि वर चादर टाकली.

आता विष्णुपंत त्या चादरीकडेच बघत होते.

“हीटरचं काम आहे,” ते म्हणाले. “घरचा नाही. गाडीतला.”

विष्णुपंत सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी आयुष्यभराचं एक वेड पुरं करून घेतलं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आत घर बांधून घेतलं. पलंग, ओटा, बेसिन, आणि करोल बागेतल्या एका कारागिराकडून बसवलेला गॅसवरचा हीटर. सोसायटीनं आवारात लावू दिलं नाही म्हणून ते मोटरहोम वैशालीत सोसायटीच्या गेटबाहेर उभं असे आणि गार्ड त्याला ‘बारात वाली गाड़ी’ म्हणत. परवा ते दोघं हिमाचलला निघणार होते. त्यांच्या पत्नी वृंदावहिनींनी चाळीस वर्षं दिल्लीत काढली होती, पण पडता बर्फ पाहिला नव्हता.

“पेटतो, विझतो. पेटतो, विझतो. मग लाल दिवा. कारागीर म्हणतो तीन आठवड्यांनी येतो. मी म्हटलं, अंबादासरावांशिवाय हे कोणाचं काम नाही.”

“मी सोडलं साहेब काम.”

“सोडलं म्हणजे? हात सोडून जातात का कुठं?”

अंबादासरावांनी चादरीकडे पाहिलं. दहा महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना नावानं शोधत दोन जिने चढून आलं होतं. हात तसेच होते. कान तसेच होते. ज्योत बघून गॅस सोडणारा जेट किती घाण झाला आहे हे अजून सांगता आलं असतं. फक्त एक गोष्ट नव्हती, आणि त्या एका गोष्टीशिवाय जमतं का, हे त्यांनी अजून एकदाही करून पाहिलं नव्हतं. आज बघू, त्यांनी मनाशी ठरवलं. जमलं तर काम चालू. नाही जमलं तर ही पेटी परत उघडायची नाही.

त्यांनी चादर काढली.

*

गाडीपाशी वृंदावहिनी शाल पांघरून, थर्मास घेऊन उभ्या होत्या. विष्णुपंतांच्या मागून रिक्षातून फक्त अंबादासराव उतरताना बघून त्यांचे डोळे क्षणभर त्यांच्या मागे गेले, सवयीनं.

“या भाऊ. अजून वाटतं हो, मागून त्या येतील. भीमाबाई आल्या की माझ्या स्वयंपाकघरात माक्याच्या तेलाचा वास यायचा बघा. त्यात मिसरीचा. मी म्हणायची त्यांना, तुम्ही गेलात तरी तास तासभर तुम्ही इथंच असता.”

अंबादासराव पेटीची कडी उघडत होते. ती एका झटक्यात उघडणारी कडी त्यांना दोनदा उघडावी लागली.

“चलो, बघू या,” ते म्हणाले.

गाडीच्या मागच्या बाजूला बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात सिलिंडर होता. त्यांनी तो हलवून पाहिला, भरलेला. हळूहळू उघडला. आत येऊन ओट्यावरची शेगडी लायटरनं पेटवली. ज्योत निळी, ताठ. म्हणजे गॅस येतोय. रेग्युलेटर ठीक. शेगडी बंद केली.

“आता हीटर चालू करा साहेब. मी फक्त ऐकतो.”

विष्णुपंतांनी बटण फिरवलं. आधी पंखा घुमला. अंबादासरावांनी मीटर लावून बॅटरी बघितली, पंखा फिरतानाही बारा व्होल्टच्या खाली फारसं जात नव्हतं. मग टिक टिक टिक, ठिणगी. छोट्या काचेतून दिसत होती, जिथं पडायला हवी तिथंच पडत होती. भप्प. ज्योत आली. एक, दोन, तीन मोजेपर्यंत पिवळी पडली, काजळली, गेली. तीनदा असं झालं आणि लाल दिवा लागला.

“कालपासून हेच,” विष्णुपंत म्हणाले. “वीस वेळा केलं असेल.”

“वीस वेळा नाही करायचं साहेब. तीनदा नाही पेटला तर तो सांगतोय, थांबा. नवा सिलिंडर असला तर नळीत हवा असते, पहिल्यांदा दोनचारदा विझतो. पण तुमची शेगडी पेटतेय, म्हणजे हवा निघून गेलीय.”

“हां, ती हवा...” विष्णुपंत काहीतरी म्हणणार होते. ते चष्मा पुसायला लागले आणि म्हणालेच नाहीत.

“दोनच गोष्टी उरल्या,” अंबादासराव म्हणाले. आपला आवाज जुना वाटतोय हे त्यांना जाणवलं आणि बरं वाटलं. “एक तर आत एक दांडी असते, ज्योत आहे की नाही हे ओळखणारी. तिच्यावर काजळी बसली की तिला वाटतं ज्योत नाहीच, ती गॅस तोडते. नाही तर मग हवेचा रस्ता अडलाय. आधी दांडी बघू.”

ते गुडघ्यांवर बसले. हीटरचं चकचकीत स्टीलचं झाकण काढून भिंतीला टेकवून उभं ठेवलं, दांडी सोडवली आणि बारीक पॉलिश पेपरनं घासायला लागले. वृंदावहिनींनी दार ओढून घेतलं. “कसलं धुकं येतंय आत, हाडं गोठतील तुमची.” अंबादासरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. काम चालू होतं. बोटं ऐकत होती. दहा महिन्यांनी पहिल्यांदा डोक्यात दुसरं काही नव्हतं.

विष्णुपंत बोलत होते. मनालीच्या वाटेवर कुठं मुक्काम, कुठल्या धाब्यावर पराठे. वृंदावहिनी मध्येच म्हणाल्या, “तुमचं पराठ्यांचं वेळापत्रक आधी ठरतं, गाडीचं मागाहून.” अंबादासराव हसले सुद्धा. वीस मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त.

दांडी बसवली. झाकण अजून भिंतीलाच होतं. आता हीटर लावण्याआधी गॅसचा दाब पुन्हा एकदा शेगडीवर बघावा, ही त्यांची जुनी पद्धत. त्यांनी ओट्यावरचा लायटर उचलला.

त्याच वेळी वृंदावहिनींच्या हातून थर्मासचं झाकण खाली पडलं. त्या वाकल्या, पलंगाखालून झाकण काढलं, आणि वर येताना त्यांनी शालीचं टोक नाकाला लावलं.

अंबादासरावांनी ते त्या स्टीलच्या झाकणात पाहिलं. खाली वाकलेली एक बाई, नाकाला पदर. चेहरा दिसत नव्हता. अर्धा क्षण त्यांना वाटलं की भीमाच आहे, आणि पुढच्या अर्ध्या क्षणात त्यांना कळलं की भीमा नाही, म्हणून सिलिंडर कोणी बंद केलेला नाही. चार वर्षं ते काम तिचं होतं. आपण उघडायचं, तिनं बंद करायचं. आज त्यांनी उघडला होता आणि कामाला वळले होते.

अंगठा लायटरवर होता.

“हलू नका,” ते म्हणाले. “कोणी कशाला हात लावू नका. बटण नाही, मोबाइल नाही. वहिनी, दार उघडा आणि उतरा. साहेब, तुम्ही पण. हळू.”

त्यांनी लायटर गादीवर ठेवला, अंडं ठेवावं तसा. मागे जाऊन सिलिंडर बंद केला. ते फुटपाथवरच बसले.

*

अर्धा तास गाडीची सगळी दारं, खिडक्या उघड्या होत्या. गार्ड येऊन विचारून गेला, “क्या हुआ अंकल, बारात कैंसल?”

“मला वास आला होता,” वृंदावहिनी हळूच म्हणाल्या. “वाकले तेव्हा तर भसकन आला. पण म्हटलं, तुम्ही इथं बसलाय, तुम्हाला कळत असणारच. गॅसच्या माणसाला आपण काय सांगायचं?” मग त्या थांबल्या. “भाऊ, तुम्हाला नाही आला?”

खोटं बोलायला सर्दी होती. तयार होती, जिभेवर होती.

“मला येत नाही वहिनी,” अंबादासराव म्हणाले. “करोनापासून येत नाही. कसलाच. तिला यायचा. ती त्यासाठी यायची सोबत.”

रस्त्यावरून धुक्यात ई-रिक्षा जात होत्या, दिवे लावून.

मग विष्णुपंत उसळले. “म्हणजे चार वर्षं? आमच्या घरी गीझर बसवलात तुम्ही! नातवंडं आंघोळ करतात तिथं! सांगायचं नाही एका शब्दानं? अहो, आत्ता आपण तिघं...”

“बरोबर आहे साहेब.”

“काय बरोबर आहे? बरोबर आहे काय?”

“ती होती तोवर नाक होतं साहेब. तुमच्या गीझरला ती दोन तास बसली होती. आज ती नव्हती आणि मी आलो. माझी चूक. तुमची काही नाही.”

“पण गॅस आला कुठून?” वृंदावहिनी म्हणाल्या. “नुसता सिलिंडर उघडा राहिला म्हणून कसा येईल? शेगडी तर बंद होती.”

विष्णुपंतांनी पुन्हा चष्मा काढला. आता पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

“मी काल रात्री एक व्हिडिओ बघितला,” ते म्हणाले. “त्यात तो म्हणत होता, नळीतली हवा काढायची तर हीटरच्या मागचा नट थोडा सैल करा. मी केला. मग घट्ट केला. मला वाटलं, घट्ट झाला.”

“आणि हे सांगितलं नाहीत तुम्ही भाऊंना?”

“म्हटलं, हसतील.”

वृंदावहिनी नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचंच तोंड उतरलं. “आणि खालून वारं येत होतं म्हणून त्या जमिनीतल्या दोन भोकांत मी चिंध्या कोंबल्या होत्या. पायमोजे. मला वाटलं, उंदीर येतील.”

अंबादासरावांनी डोळे मिटले. ती भोकं गॅस खाली निघून जावा म्हणूनच ठेवलेली असतात. सैल नट, बुजलेली भोकं, बंद दार, उघडा सिलिंडर. आणि या सगळ्याच्या मधोमध बसलेला एक माणूस, ज्याच्याकडे सगळे विश्वासानं बघत होते. नटाचं त्यांना माहीत नव्हतं, भोकांचं माहीत नव्हतं, हे खरं. पण हे माहीत नसलं तरी कळावं, त्याचसाठी तर नाक असतं. उस्तादानं नाक सगळ्यांत आधी सांगितलं होतं.

ते उठले. “पुरं करून देतो,” म्हणाले.

“राहू द्या,” विष्णुपंत म्हणाले.

“नाही साहेब. अर्धं सोडून नाही जात. वहिनी, तुम्ही तेवढ्या खाली बसाल का? वास आला की सांगायचं. लाजायचं नाही. आणि दार उघडं राहू द्या.”

वृंदावहिनी फरशीवर बसल्या, भीमाबाई बसायच्या तशाच, गुडघे एकीकडे घेऊन. अंबादासरावांनी भोकांतले पायमोजे ओढून काढले. पाना लावला, नट पाऊण फेरा फिरला. पाऊण फेरा! वाटीत साबणाचं पाणी केलं, बाहेर जाऊन सिलिंडर उघडला आणि ब्रशनं प्रत्येक सांध्याला फेस लावला. बुडबुडा नाही.

“येतोय?”

“नाही भाऊ.”

मग ते गाडीच्या बाहेरच्या बाजूला गेले, हीटरची हवा आणि धूर जिथून ये-जा करतात तिथं. भिंतीवर पत्र्याची जाळीदार टोपी होती आणि तिच्यावर, बरोबर मधोमध, झेंडूचा वाळलेला हार घट्ट बांधला होता. दसऱ्याला वाहनपूजा झाली तेव्हाचा. बाकीच्या भिंतीला दोरा अडकवायला दुसरं काही नव्हतंच. पाकळ्या गळून, ओढल्या जाऊन जाळीत आतपर्यंत बसल्या होत्या. ज्योतीला हवाच मिळत नव्हती. अंबादासरावांनी हार सोडवला आणि चिमट्यानं एकेक पाकळी काढली. मूठभर निघाल्या. त्यांनी त्या फेकल्या नाहीत, देवाच्या होत्या, फुटपाथच्या कडेला झाडाच्या बुंध्याशी ठेवल्या.

“दिसायला ती टोपी घाण दिसत होती,” आतून वृंदावहिनी म्हणाल्या. “म्हणून तिथं बांधला.”

आत येऊन त्यांनी वहिनींना पुन्हा विचारलं, पुन्हा ‘नाही’ ऐकलं, मग स्वतःच बटण फिरवलं. पंखा. टिक टिक टिक. भप्प. ज्योत आली, निळी, आणि राहिली. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. गाडीत ऊब पसरायला लागली. वृंदावहिनींनी शाल खांद्यावरून उतरवली.

विष्णुपंतांनी काचेतून ज्योत पाहिली. हाच माणूस दुसऱ्या कुठल्या दिवशी टाळी मागायला हात पुढे करणारा. आज तो खिडकीबाहेर बघत होता.

“अंबादासराव,” ते म्हणाले, “मी रागानं बोललो. पण एक सांगतो, राग नाही आता. यापुढे कुणाच्या घरी जाऊ नका. एकटे तर नाहीच. वचन द्या मला.”

“दिलं साहेब.”

किती सहज निघालं ते तोंडातून. चाळीस वर्षांचं काम दोन शब्दांत संपलं. अंबादासराव हत्यारं पुसून पेटीत ठेवायला लागले. पाने आकाराप्रमाणे, पॉलिश पेपर घडी घालून, ब्रश झटकून. उद्या ही पेटी उघडायची नाही हे माहीत असलेला माणूसही हत्यारं नीटच ठेवतो. घरी जाऊन काय करायचं, ते त्यांना दिसत होतं. दूध तापवायचं. समोर उभं राहायचं. उतू गेलं तर पुसायचं. एखाद्या दिवशी डोळा लागला आणि शेगडी विझून गॅस नुसताच येत राहिला, तर आपल्याला शेवटपर्यंत कळणारही नाही. या विचाराची त्यांना आता भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

वृंदावहिनींनी चहा ओतून पुढे केला. आलं, गवती चहा घातलेला असणार, त्या नेहमी घालायच्या. अंबादासरावांच्या तोंडात नुसतं गरम, गोड पाणी होतं.

“भाऊ,” त्या त्यांच्याजवळ पायरीवर बसत म्हणाल्या, “आम्ही परवा जाऊ, आठ दिवसांत येऊ. डबा पाठवू का रोज आल्यावर? इलेक्ट्रिकची शेगडी घेऊन देऊ? एकट्यानं गॅसवर नका करू काही. स्वप्नालीला फोन करू का मी? सांगा ना काहीतरी. काय हवंय तुम्हाला?”

“नको वहिनी. काही नको.”

त्यांनी कप खाली ठेवला. पेटीची कडी लावली, या वेळी एकदाच लागली. उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकले आणि तसेच राहिले.

“वहिनी, तुम्ही सकाळी म्हणालात, तिचा वास यायचा म्हणून. माक्याचं तेल, मिसरी.”

“हो. का?”

“तिची एक साडी ठेवलीय मी ट्रंकेत. धुतली नाही. दहा महिने झाले. रोज पिशवी उघडतो, मला काही कळत नाही. आहे की गेला, ते पण कळत नाही.”

वृंदावहिनींनी हातातला थर्मास बाजूला ठेवला.

“निघायच्या आधी पाच मिनिटं घरी या. त्या साडीला अजून तिचा वास येतो का, तेवढं मला सांगा.”